ज्वारीच्या पिठात गहू सापडला, म्हणजे भेसळच का?

प्रश्न: आमचा बचत गट ज्वारीचं पीठ विकतो. एका दुकानदाराने डीएनए टेस्ट करून घेतली, रिपोर्टवर नुसतं 'गहू आढळला' असं आलं आणि आता तो म्हणतो भेसळ आहे, माल परत न्या. आम्ही मूठभर गहूसुद्धा घातलेला नाही हो. काय करायचं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुमच्या आधी त्याच गिरणीत कुणीतरी गहू दळलेला असणार, दगडाला चिकटलेलं ते पीठ तुमच्या डब्यात उतरलं, किंवा ज्वारीची पोती आधी गव्हाची असतील. डीएनए टेस्ट असं कणभर पीठही पकडते, म्हणून 'आढळला' एवढ्यावर कुणाला भेसळखोर म्हणणं मला अजिबात पटत नाही, किती आढळला ते लॅबला विचारा.

2013 मध्ये आयर्लंड-ब्रिटनमध्ये बीफ बर्गरमध्ये घोड्याचं मांस निघालं, एका बर्गरमध्ये तर 29 टक्के, ती सरळ फसवणूक होती. पण बाकी कितीतरी ठिकाणी नुसता अंश सापडत होता, मशीन-सुऱ्यांवरून आलेला, म्हणून तिथे 1 टक्क्याची रेघ धरली. बासमतीला ब्रिटनमध्ये 7 टक्के दुसरा तांदूळ चालवून घेतात, कारण शेतापासून गोदामापर्यंत थोडी मिसळ होतेच. फायद्यासाठी गहू घालणारा माणूस चिमूटभर घालून थांबेल का? त्याला किलोमागे चांगला पाव-अर्धा पाव घालावा लागेल, तेव्हाच चार पैसे सुटतील.

आता मात्र एक गोष्ट नीट ऐका. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री', म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन यात नाही, असं लिहिलंय का? मग हा 1 टक्का विसरा. तिथे आपल्याकडे मर्यादा आहे किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेन. गव्हाच्या पिठात साधारण दहावा भाग ग्लुटेन धरला तर किलोभर ज्वारीत 1 टक्का म्हणजे 10 ग्रॅम, मोठा चमचाभर कणीक गेली की ग्लुटेन झालं 1000 मिलिग्रॅम, मर्यादेच्या 50 पट! भेसळ नाही पण सिलिअ‍ॅक असलेल्या, म्हणजे ग्लुटेन अजिबात न सोसणाऱ्या पोराचं पोट त्याने बिघडतंच. आणि चक्कीतला आधीचा गहू निघून जावा म्हणून सुरुवातीचं दोन किलो पीठ बाजूला काढलं तरी काम भागत नाही, 'ग्लुटेन फ्री'ला फक्त ज्वारीचीच वेगळी चक्की लागते आणि डीएनएऐवजी ग्लुटेन किती ते थेट मोजणारी एलायझा टेस्ट, तीही दर बॅचला.

'ग्लुटेन फ्री' लिहिलं असेल तर आजच ते पाकीट बाजारातून मागे घ्या. नसेल तर गव्हाची टक्केवारी लेखी मागवा आणि तो कागद दुकानदारासमोर ठेवा.