बफर, थारोळं आणि 'बफरात'

तासगावकडच्या एका तंत्रनिकेतनात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "फायलीतून वाचायला आणि फायलीत लिहायला बफर्डरीडर, बफर्डरायटर असे क्लास असतात. माझी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, म्हणून मी मराठीतूनच समजावते. एका टिपणात बफरला 'प्रतिरोधक' असा शब्द सापडला. तो फळ्यावर लिहिला, तर मुलांना विजेच्या सर्किटमधला रोधक आठवला. बफरला नेमका मराठी शब्द कोणता? आणि 'बफर्ड' हे विशेषण मराठीत कसं आणायचं?"

मॅडम, मुलं चुकली नाहीत, तो शब्दच चुकीच्या घरातून आलाय. इंग्रजीत बफर हा एकच शब्द ताणून ताणून पाच-सहा कामांना लावलेला आहे. मऊ वस्तूवर ठोसा बसला की होणाऱ्या 'बफ्' आवाजातून तो आला, आपल्या 'धप्'सारखाच. त्यातून धक्का झेलणारं ते बफर. मिरज स्टेशनात जुन्या पद्धतीच्या डब्यांच्या टोकांना तव्यासारख्या गोल चकत्या दिसतात, त्या म्हणजे रेल्वेचे बफर. 'प्रतिरोधक' हा शब्द या धक्का झेलण्याच्या अर्थाच्या जवळचा आहे. रसायनशास्त्रातलं बफर द्रावण आम्लतेतला बदल रोखून धरतं, तिथेही तो एक वेळ चालेल. फायलीच्या बफरात मात्र कोणी कशाला विरोध करत नाही. तिथे येणारा माल थोडा वेळ टेकतो आणि पुढे जातो, एवढंच.

आपल्या भागात बफर आणखी दोन ठिकाणी रोज कानावर पडतो. २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना-चांदोलीच्या जंगलात, 'गाभा क्षेत्र' आणि 'बफर क्षेत्र' आहे. आणि साखरेचा 'बफर स्टॉक' असतो. २०१९ मध्ये केंद्राने तो ४० लाख टनांचा केला होता. पहिल्या ठिकाणी बफर म्हणजे भोवतीचा पट्टा, दुसऱ्या ठिकाणी राखीव साठा. तेव्हा 'बफरला मराठी शब्द कोणता' या प्रश्नाला एक उत्तर नाही आणि ते असूही नये. इंग्रजीने एका शब्दावर भागवलं म्हणून आपणही भागवावं, असं कुठे आहे?

फायलीच्या बफराचं काम काय, ते आधी नीट पाहू. जावात साध्या फाइलइनपुटस्ट्रीमकडून एकेक बाइट मागितली, तर दर बाइटला ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत खेप होते. त्याला बफर्डइनपुटस्ट्रीमचं वेष्टण घातलं की तो एका खेपेत भरपूर माल आणून ठेवतो आणि तुमच्या प्रोग्रामला त्यातून थोडं थोडं देतो. काही न सांगता घेतलेल्या बफराचा आकार ८१९२ बाइट असतो. म्हणजे जिथे ८१९२ खेपा पडल्या असत्या, तिथे एकीत भागतं. आणणारा एकदम आणतो, वापरणारा धारेनं वापरतो, आणि या दोन चालींचा मेळ घालायला मधे एक जागा लागते.

या जागेला आपल्याकडे शब्द आहे, आणि तो मला मनापासून आवडतो: थारोळं.

मोट, म्हणजे बैलांनी ओढून विहिरीचं पाणी उपसायचं पात्र, विहिरीतून वर आली की तिच्या सोंडेतून पाणी भसकन पडतं. मग बैल धावेवरून मागे सरकतात, मोट पुन्हा खाली जाते, बुडते, भरते. तेवढा वेळ वर पाण्याचा थेंब येत नाही. पण पाट वाहायचा थांबत नाही, कारण मोटेचं पाणी थेट पाटात पडतच नाही. ते पडतं विहिरीच्या काठावरच्या बांधीव कुंडात आणि तिथून संथपणे पाटाला लागतं. ते कुंड म्हणजे थारोळं. हौद आणि थारोळं यांत फरक आहे. हौदात पाणी साठवून ठेवायचं असतं, दोन दिवसांनी वापरलं तरी चालतं. थारोळ्यातलं पाणी जाण्यासाठीच आलेलं असतं. मला त्या शब्दात 'थारा' ऐकू येतो, घडीभराचा थारा. फायलीच्या बफराचं यापेक्षा नेमकं वर्णन मला माहीत नाही.

सातारच्या मुलांना हे दाखवायला लिंबला नेता येतं. तिथली बारा मोटांची विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालायच्या. लोक विहिरीच्या आतला महाल बघून परततात. तुम्ही मुलांना वर मोटा ओतायच्या जागांपाशी उभं करा आणि बारा मोटा बारा वेळी ओतल्या जाताहेत असं डोळ्यांसमोर आणायला सांगा. पुढे पाट मात्र सारखा वाहतोय.

आज हा शब्द फक्त 'रक्ताच्या थारोळ्यात' एवढ्यापुरता उरलाय, याचं मला फार वाईट वाटतं. मोट गेली, इंजिन आलं, मग मोटर आली, आणि शेतातला एक जिवंत शब्द अपघाताच्या बातम्यांत अडकला. मुलं पहिल्यांदा दचकतील. दचकू द्या. तोच क्षण त्यांना मूळ अर्थ सांगायला चांगला आहे.

जुना शब्द नव्या यंत्राला कसा लावायचा, अशी शंका कोणी घेईल. आपल्याच भागात हे आधी झालंय. साखर कारखान्यात ऊस टाकतात तिला आपण गव्हाण म्हणतो. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. हंगामाच्या पहिल्या दिवशी 'गव्हाणीत मोळी टाकली' ही बातमी वाचताना कोणालाही ते ओढून आणलेलं वाटत नाही.

एक अडचण खरी आहे आणि ती लपवायला नको. वाचताना थारोळं अगदी बसतं: आत लोंढा, बाहेर धार. लिहिताना उलट होतं. प्रोग्राम एकेक ओळ देतो आणि बफर भरला की सगळं एकदम फायलीकडे जातं: आत धार, बाहेर लोंढा. यालाही शेतातच दाखला आहे. विहिरीला पाणी कमी असलं की बारीक धार सरळ पाटात सोडत नाहीत, ती वाटेतच मुरते, टोकाच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. ती हौदात किंवा शेततळ्यात धरतात आणि पुरेशी झाली की एकदम सोडतात. प्रत्येक खेपेचा खर्च म्हणजे हे पाटात मुरणारं पाणी. तेव्हा वाचनासाठी थारोळं आणि लेखनासाठी हौद असे दोन दाखले द्या. दोन्हीकडे एकच शब्द ओढत बसू नका.

मग फळ्यावर काय लिहायचं? माझं मत: नाव 'बफर'च ठेवा. कंपायलरला बफर्डरायटरच लागतो, मुलाखतीतही तोच विचारतील. पण त्या शब्दाला मराठी व्याकरण लावा. परका शब्द आपला झाला की नाही, हे त्याच्या सामान्यरूपावरून कळतं. टेबलावर, बँकेत, फायलीत हे आपण सहज म्हणतो. तसंच 'बफरात', 'बफराचा', 'बफरातून' म्हणा. 'बफरमध्ये' चूक नाही, पण त्यात शब्द अजून उंबऱ्यावर उभा वाटतो.

'बफर्ड'चं विशेषण मात्र करू नका. 'बफरित', 'बफरयुक्त' असले शब्द कोणाच्या तोंडी बसणार नाहीत. इंग्रजी जिथे विशेषण घालतं, तिथे मराठी पुष्कळदा क्रियापदानं काम भागवते. 'बफर लावून वाचणे', 'बफर लावून लिहिणे', 'बफराशिवाय लिहिणे'. सी भाषेत तीन रीती आहेत, त्यांचंही याच धर्तीवर होतं: बफर भरल्यावर पाठवणे, ओळीगणिक पाठवणे, लगेच पाठवणे. 'ओळीगणिक' इथे किती नेमका बसतो बघा.

जाता जाता, कॅरेक्टरला 'अक्षर' म्हणू नका. 'थारोळ्यात' या शब्दात अक्षरं चार आहेत, पण काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जात असल्यामुळे जावाच्या हिशेबात कॅरेक्टर नऊ होतात. बफर्डरीडरचा बफर ८१९२ कॅरेक्टरचा असतो, अक्षरांचा नव्हे. मराठी मजकुराची फाईल वाचणाऱ्या मुलाचा इथे हमखास गोंधळ होतो.

उरला 'फ्लश', म्हणजे बफरात साठलेलं तो भरायची वाट न बघता पुढे पाठवणं. हा शब्द वर्गात उच्चारला की मुलं हसतात, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला माहीत आहे. त्यासाठी 'सोडणे' पुरेसं आहे. पाणी सोडतात, तसा बफर सोडायचा. स्ट्रीमला आपण 'प्रवाह' म्हणतोच, म्हणजे सगळा शब्दसंसार पाण्याचाच आहे आणि 'सोडणे' त्यात सहज मिसळतं. 'क्लोज'ला 'बंद करणे', पण मुलांना हेही सांगा की बंद करताना उरलेलं आधी सोडलं जातं. २०११ च्या जावा ७ पासून ट्रायच्या कंसातच रायटर उघडला की तो आपोआप बंद होतो, तेव्हा नवशिक्यांना तीच सवय लावलेली बरी. आणि सोडलं म्हणजे डिस्कवर पोचलंच असं नाही. पुढे ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा आणखी एक हौद असतो.

पुढच्या प्रात्यक्षिकाला एखादा मुलगा येऊन म्हणेल, "मॅडम, प्रोग्राम चालला, एरर नाही, पण फाईल शून्य बाइटची." त्याला विचारा, "बफरातलं सोडलंस का?"