पूल क्यूचा शाफ्ट पावसाळ्यात बोटांना चिकटतो. त्याला पॉलिश पेपर मारून घ्यावा का?

तुम्ही लिहिले आहे की, पूल या खेळासाठी मेपल लाकडाची क्यू (चेंडू मारण्याची काठी) घेऊन वर्ष झाले, पावसाळा लागल्यापासून तिचा शाफ्ट (जोडापासून टोकापर्यंतचा निमुळता भाग) ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवून काठीला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांमधून अडखळत सरकतो, आणि क्लबमधील मदतनीस पाच मिनिटांत पॉलिश पेपर मारून देतो म्हणतो, तर मारून घ्यावा का. माझे उत्तर असे की, सध्या अजिबात मारून घेऊ नका. शाफ्ट अडखळतो त्याचे कारण बहुतेक वेळा लाकडात नसते, लाकडावर बसलेल्या मळाच्या थरात असते. आणि मळ काढण्यासाठी लाकूड खरवडण्याची गरज नसते.

हे मी ठामपणे लिहितो, कारण माझा पहिला मेपलचा शाफ्ट मी स्वतःच्या हाताने खराब केला. पुण्यात खेळायला लागलो त्या काळात दर पंधरा दिवसांनी ४०० नंबरचा पेपर फिरवण्याची सवय मी लावून घेतली होती. प्रत्येक वेळी शाफ्ट दोन दिवस रेशमासारखा सरकायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चिकटायचा. वर्षभराने मापला तेव्हा १३ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट १२.६ च्या आसपास आला होता, फेरूलच्या (शाफ्टच्या टोकावरच्या कडीच्या) खाली बोटाला लागेल अशी पायरी तयार झाली होती, आणि ज्या बाजूला अंगठ्याचा दाब जास्त पडत असे ती बाजू किंचित चपटी झाली होती. ते लाकूड परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता, आणि त्या शाफ्टची मला आजही हळहळ वाटते.

असे का होते ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. हार्ड मेपलची छिद्रे अतिशय बारीक असतात आणि ती लाकडात सर्वत्र सारखी विखुरलेली असतात. सागवानात जशा छिद्रांच्या रेषा डोळ्यांना दिसतात तशा मेपलमध्ये दिसत नाहीत, आणि म्हणूनच पूलच्या शाफ्टसाठी ते निवडले जाते. नव्या शाफ्टवर ही छिद्रे सीलरच्या पातळ थराने बंद केलेली असतात. खेळताना हाताचा घाम आणि तेलकटपणा शाफ्टवर उतरतो आणि त्यात चॉकची धूळ मिसळते. आपण त्याला चॉक म्हणत असलो तरी तो शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी अमेरिकेत ज्या चॉकचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्यात सिलिका आणि कुरुंदाच्या जातीची कठीण, खरखरीत द्रव्ये वापरली जात आहेत, कारण टिपला (काठीच्या टोकावरच्या चामड्याच्या चकतीला) चेंडूवर पकड मिळवून देणे हे त्याचे कामच आहे. तीच पकड शाफ्टवर आली की बोटे अडखळतात. पॉलिश पेपर या मळाबरोबर सीलरही काढून टाकतो, छिद्रे उघडी पडतात, उघडे लाकूड घाम आणि निळी धूळ अधिक वेगाने पिते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पेपर हातात घ्यावासा वाटतो. मी वर्षभर याच चक्रात फिरत होतो.

म्हणून पहिले काम स्वच्छतेचे. चांगले दाट आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ९९ टक्क्यांचे मिळाले तर उत्तम, कारण ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले पाणीच असते आणि पाण्याने लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला हेच वापरतात, त्यामुळे पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळते. शाफ्ट जोडापासून सोडवून घ्या, सुती कापडाचा कोपरा अल्कोहोलने जेमतेम ओला करा आणि वीतभर भाग लांबीच्या दिशेने पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग पुढचा भाग. कापडावर निळसर करडा मळ उतरलेला दिसेल. जोडाजवळचा काही इंचांचा चकचकीत भाग मात्र सोडून द्या, कारण तेथील लॅकरवर अल्कोहोलचा परिणाम होऊ शकतो. खिडकी उघडी असावी आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. जुना, चिवट मळ एवढ्याने निघाला नाही तर भिंतीवरचे डाग पुसायला मिळणारा पांढरा मेलामाइन स्पंज किंचित ओलसर करून हलक्या हाताने फिरवावा. पण तोही एक अतिशय बारीक खरवडणारा पदार्थच आहे हे लक्षात ठेवून तीन-चार महिन्यांतून एकदाच, आणि नंतर लाकूड लगेच कोरडे करून.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळा फरक तिच्यातच आहे. ती म्हणजे घोटणे. जुन्या पोथ्यांचा कागद लेखणी अडखळू नये म्हणून घोटून गुळगुळीत करीत. लाकडाच्या बाबतीतही तत्त्व तेच आहे. वर आलेले तंतू कापून न काढता दाबून बसवायचे. चामड्याचा तुकडा हातात घेऊन शाफ्टभोवती धरा आणि बोटांना ऊब जाणवेपर्यंत झपाझप पुढे-मागे फिरवा. चामडे नसेल तर वह्यांना कव्हर घालण्याचा साधा, चकाकी नसलेला खाकी कागदही उत्तम काम देतो. अमेरिकेतले जुने खेळाडू याच कामासाठी डॉलरची नोट वापरतात. मी खेळ संपल्यावर प्रत्येक वेळी आधी कोरड्या कापडाने शाफ्ट पुसतो आणि मग मिनिटभर घोटतो. एवढ्याने अल्कोहोलची गरज महिन्यातून एकदाच पडते.

अल्कोहोलने पुसून आणि घोटूनही शाफ्ट दोनच दिवसांत पुन्हा मळत असेल, तर सीलर झिजला आहे असे समजावे. अशा वेळी लाकडासाठीचा चांगला सीलर कापडावर घेऊन अतिशय पातळ हात फिरवा, जास्तीचा लगेच पुसून काढा, आणि एक दिवस शाफ्टला हात लावू नका. पेपरचा खरा उपयोग फक्त येथे आहे: सीलर वाळल्यावर २००० नंबरचा पेपर, बोटांचे वजनसुद्धा न देता, लांबीच्या दिशेने एक-दोनदा. त्यावर मेण लावायचे असल्यास कार्नोबा मेण घ्यावे. ते एका ब्राझिली ताडाच्या पानांवरून मिळते आणि ८० अंश सेल्सियसच्या वर वितळते, म्हणून हाताच्या उबेने मऊ पडत नाही. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यापेक्षा कितीतरी आधी नरम होते आणि घामट बोटांखाली चिकटू लागते. नखावर मावेल इतकेच मेण पुरते, आणि तेही घर्षणाच्या उष्णतेनेच नीट बसते. सावंतवाडीचे कारागीर चरकावर फिरणाऱ्या खेळण्यावर लाखेची कांडी टेकवतात तेव्हा ती अशीच घर्षणाने तापून लाकडावर पसरते. ते काम पाहिलेल्या माणसाला मेण भराभर का घोटायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. फर्निचरला चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे मात्र टाळा. त्या दिवशी शाफ्ट छान सरकतो, पण पुढे कधी सीलर लावायची वेळ आली तर तो त्या जागी धरत नाही.

क्लबमधील ज्येष्ठ तुम्हाला जवसाचे तेल लावायला सांगतील, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या काठीचा आहे. १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले; या शहरात बिलियर्ड्स आणि स्नूकरची परंपरा पूलपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि त्या खेळांच्या काठ्या प्रामुख्याने ॲशच्या असतात. ॲशच्या लाकडात मोठी, उघडी छिद्रे असतात, त्यांत तेल मुरते आणि हवेतील प्राणवायूने हळूहळू घट्ट होते. सीलर लावलेल्या मेपलमध्ये ते मुरायला जागाच नसते. वर राहिलेले तेल दमट हवेत दिवसचे दिवस वाळत नाही आणि तुमची तक्रार दुप्पट करून ठेवते. तुमच्याकडे ॲशची स्नूकर क्यूसुद्धा असेल तर तिला तेल जरूर लावा, पण ते अगदी पुसट, आणि तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना हे तेल उष्णता सोडते आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेटू शकते. ते उघडे पसरून वाळवावे.

कधी कधी अडखळण्याचे कारण एखादा पोचा असतो. डोळे मिटून शाफ्टवरून नख फिरवले की तो सापडतो. लाकूड फक्त दबले असेल, तंतू तुटले नसतील, तर त्या जागेवर पाण्याचा एकच थेंब काही मिनिटे ठेवल्यास दबलेले तंतू फुगून बरेचसे वर येतात. दुसऱ्या दिवशी, लाकूड पूर्ण वाळल्यावर, ती जागा घोटावी. चीर पडली असेल तर हा उपाय चालणार नाही. ती जाणत्या माणसाकडून भरून घ्यावी.

हाताबद्दलही लिहिले पाहिजे, कारण घर्षणाला दोन पृष्ठभाग लागतात. खेळण्यापूर्वी आणि मध्येही साबणाने हात धुऊन खरखरीत टॉवेलने कोरडे करा. चॉक लावताना क्यू आडवी धरा आणि ब्रिजचा हात टिपच्या खाली आणू नका, म्हणजे धूळ हातावर किंवा शाफ्टवर न पडता जमिनीवर पडेल. चॉक टेबलाच्या कडेवर ठेवताना त्याची निळी बाजू वर असावी. पावडरचा मी आग्रहाने विरोध करतो. ती पाच मिनिटे चांगली वाटते, मग घामात कालवून तिची लापशी होते, आणि टेबलाच्या कापडावर पडलेले तिचे पांढरे डाग पुढच्या खेळाडूच्या वाट्याला येतात. पावसाळ्यात हात फारच घामेजत असतील तर अंगठा आणि पहिली दोन बोटे झाकणारा मोजा सरळ घाला. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता पावसाळा. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण आडव्या दिशेने हवेतील ओलावा घेऊन फुगते आणि सोडून आकसते, आणि उघडे पडलेले लाकूड हे जास्त वेगाने करते. क्यू केसमध्येच ठेवा, भिंतीला तिरकी टेकवून किंवा गाडीच्या डिकीत नको. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या असू द्या. वातानुकूलित हॉलमधून दमट हवेत आल्यावर केस लगेच उघडू नका, कारण गार लाकडावर बाष्प धरते. अर्धा तास तशीच राहू द्या.

आजच एखाद्याकडून व्हर्नियर कॅलिपर मागून घ्या आणि शाफ्ट तीन ठिकाणी मापा: फेरूलच्या लगेच खाली, तेथून सहा इंचांवर आणि बारा इंचांवर. तिन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहून तो कागद केसच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, साधारण अशाच हवेत, त्याच तीन जागा पुन्हा मापा. आकडे खाली आले असतील तर तुमच्या निगराणीतली कोणती तरी गोष्ट लाकूड खात आहे असे समजून ती त्याच दिवशी थांबवा.