रॉक गायक पुढे चांगला नट होऊ शकतो का?

होऊ शकतो, ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी झाला. तुम्ही सोलापुरात बँडमध्ये गाता आणि आता नाटकात शिरायचं म्हणता, म्हणून सांगतो, तो नुसत्या नावावर तरला नाही. साठच्या दशकाच्या शेवटी तो लिंडसे केम्पकडे मूकाभिनय शिकला. चित्रपटात मुख्य भूमिका मिळाली ती १९७६ मध्ये. १९८० मध्ये 'द एलिफंट मॅन' नाटकात त्यानं विद्रूप माणूस उभा केला तो चेहऱ्यावर काही न चढवता, फक्त अंग आणि आवाज वाकवून. इथल्या हौशी नाटकांना साथ करताना मीही बघतो, माइक सुटला की गायकाला हातांचं काय करावं कळत नाही. मात्र सगळंच चाललं असं नाही: १९८६ चा त्याचा 'लॅबिरिंथ' चित्रपट तेव्हा चक्क पडला. गाणं त्यानं अखेरपर्यंत सोडलं नाही.