यंदा हरिकेन कमी, मग फ्लोरिडाला निर्धास्त जावं का?

प्रश्न : आमची मुलगी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर आम्ही दोघं तिच्याकडे जायचं म्हणतोय. एल निनोमुळे या हंगामात हरिकेन, म्हणजे तिकडची मोठी चक्रीवादळं, कमी होतील, असं वाचलं. मग काळजी नाही ना? शिवाय मुलगी म्हणते, पावसाळ्यात तिथे रोजच पन्नास टक्के पावसाचा अंदाज असतो. बाहेर पडायचं तरी कधी?

उत्तर : जा, जरूर जा. पण हरिकेनच्या त्या अंदाजाच्या भरवशावर नको. मी खाडीच्या पलीकडे, टँपात राहतो. मे महिन्यात हंगामाचा अंदाज आला की मीही तो आवडीने वाचतो आणि बाजूला ठेवतो.

अंदाज खोटा नसतो. १ जून ते ३० नोव्हेंबर या हंगामात अटलांटिकवर सरासरी १४ वादळं नाव मिळण्याइतका जोर धरतात, त्यांतली ७ आणखी वाढून हरिकेन होतात. एल निनो असला की तिथे वरच्या थरातले वारे जोर धरतात आणि वादळाचा उभा मनोरा कलंडतो, म्हणून संख्या घटते. पण हा हिशेब अख्ख्या महासागराचा! कुणाच्या दारात काय येणार, हे त्यात नसतंच. १९९२ साली पहिलं नाव द्यायला ऑगस्टचा मध्य उजाडला. ते पहिलंच वादळ म्हणजे अँड्र्यू. मायामीच्या दक्षिणेकडची वस्ती त्याने भुईसपाट केली. उलट २०१० मध्ये १२ हरिकेन झाली, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही धडकलं नाही.

वादळ उठल्यावर टीव्हीवर एक पांढरा शंकू दिसेल. वादळाचा मध्य पुढे कुठे असू शकेल, एवढंच तो सांगतो, आणि तेही साधारण तीनांत दोन वेळाच खरं ठरतं. वादळ किती रुंद आहे, पाणी कुठवर चढेल, हे त्यावरून कळत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी दोनदा चुकलो.

२०२२ मध्ये इयन वादळाच्या वेळी आधी शंकूची मधली रेघ आमच्याच बाजूला होती. गाडी भरून आम्ही किनाऱ्यापासून आत, ऑर्लँडोला मित्राकडे गेलो. इयन खाली दक्षिणेला, फोर्ट मायर्सकडे वळलं, तिथून तिरकं आत शिरलं आणि मित्राच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं. इकडे टँपात वाऱ्याने खाडीचं पाणी समुद्राकडे लोटलं होतं, तळ उघडा पडला होता! ही फजिती डोक्यात ठेवून २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या वेळी, बाहेर पडायचा आदेश असूनही, मी घरी बसलो. मध्य तर दीडशे किलोमीटरहून लांब, भर समुद्रातून चालला होता. रात्री अकराच्या सुमारास गॅरेजमध्ये मांडीपर्यंत खारं पाणी होतं. वारा म्हणाल तर फारसा नाही, पाणीच आलं. निव्वळ मूर्खपणा माझा.

तेव्हा मुलीला आजच विचारा, तिच्या घराचा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे वादळात घर सोडायच्या क्रमाचा विभाग, कोणता. ए ते ई अशी अक्षरं असतात, ए ला सगळ्यात आधी निघावं लागतं. विम्याच्या कागदावरचा फ्लड झोन, म्हणजे पुराच्या धोक्याचा विभाग, वेगळा, त्यात गल्लत करू नका. आदेश आला तर फार लांब जायची गरज नसते. काही मैल आत, उंचावरचं पक्कं घर पुरतं. मी उगाच ऑर्लँडो गाठलं. असं घर कुणाचं, हे आत्ताच ठरवा. औषधं पूर्ण मुक्कामाची न्या आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, कारण हंगामाचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो, नेमका तुमच्या मुक्कामात.

राहिला रोजचा पाऊस. पन्नास टक्के म्हणजे अर्धा दिवस पाऊस नव्हे; तुमच्या ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता निम्मी, एवढंच. उन्हाने जमीन तापते, दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्री वारे आत येतात आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. बहुतेकदा तासाभरात कोसळून मोकळे होतात. मुलीच्या घराजवळच्या बीचवर सकाळी जा, जेवायला घरी या. आणि लांब कुठे गडगडलं, तरी पाण्यातून लगेच बाहेर या. डोक्यावर ऊन असलं तरीही.