अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ कमी झाला तर मोकळ्या पाण्यात क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) वाढायला नकोत का? आणि सागरी प्रवाहांचा यात काय संबंध?

उन्हाळ्यापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मोकळ्या पाण्यात ऊन पोचतं, सूक्ष्म शैवाल फोफावतं, क्रिल पोसतात. पण पुढच्या वर्षी क्रिल किती असणार, हे बरंचसं ठरतं ते पिल्लांच्या पहिल्या हिवाळ्यात.

मोठा क्रिल जेमतेम सहा सेंटिमीटरचा, पण भलता चिवट. प्रयोगशाळेत तो 200 हून जास्त दिवस उपाशी जगला आहे; अन्न नसेल तर कात टाकताना आकारानंही लहान होतो. पिल्लाला हे झेपत नाही. उन्हाळ्यात सोडलेली अंडी शेकडो मीटर, कधी हजार मीटरच्या आसपास खाली बुडतात. तिथे अळी बाहेर पडते आणि अंगच्या शिदोरीवर पोहत वर येते. खोलवरचा प्रवाह जरा उबदार असेल तर अंडी लवकर, म्हणजे कमी खोलीवर फुटतात आणि चढण कमी होते. प्रवाहांची ही मदत मला फार विलक्षण वाटते.

अळी वर येऊन थोडी वाढते न वाढते तोच हिवाळा लागतो. मग उघड्या पाण्यात शैवाल जवळजवळ उरत नाही. उरतं ते बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेलं. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून खाली कपारी तयार होतात. दिवसा पिल्लं तिथे शैवाल खरवडून खातात आणि रात्री खालच्या पाण्यात पांगतात. बर्फ उशिरा धरला की नेमकं हेच कुरण जातं.

वाचलेल्यांना प्रवाह दूरवर नेतात. साउथ जॉर्जिया बेटाजवळचे क्रिल बहुतांशी तिथले नसतातच. अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि वेडेल समुद्राच्या बाजूनं स्कोशिया समुद्र ओलांडून ते वाहत येतात. म्हणून द्वीपकल्पाजवळ बर्फ कमी पडला की पुढे या बेटावरच्या, क्रिलवर जगणाऱ्या पेंग्विनांची आणि फर सीलच्या पिल्लांची उपासमार होऊ शकते.

याच पट्ट्यात क्रिलची मासेमारीही एकवटली आहे. 2025 मध्ये 6,20,000 टनांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम ऑगस्टमध्येच थांबवावा लागला. हा आकडा ठरीव आहे. आदल्या हिवाळ्यात बर्फ किती होता यावरून तो कमी-जास्त होत नाही. माझ्या मते तो व्हायला हवा.