“जमत नाहीये, परत येऊ का?”

परदेशात वर्षभराच्या स्वयंसेवेला गेलेली मुलं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हा प्रश्न विचारतात. कधी ती स्वतः विचारतात, कधी त्यांचे आई-वडील माझ्यासमोर येऊन बसतात आणि म्हणतात, “पोरगी फोनवर हसते, पण डोळे सुजलेले दिसतात. बोलवून घेऊ काय?” बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून पुण्याला आणि गोव्याला जाणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तिथं गेलेलं पोर शनिवारी रात्रीच्या गाडीनं घरी येऊ शकतं. जर्मनीतून तसं येता येत नाही, म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंना इतका जड होतो.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीची हकिकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा आणि तिच्याऐवजी करता येणारी नागरी सेवा स्थगित झाली, आणि तिच्या जागी १ जुलै २०११ पासून ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’ नावाची सरकारी स्वयंसेवा सुरू झाली. वृद्धाश्रम, दिव्यांगांची निवासस्थानं, इस्पितळं, बालवाड्या अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम करायचं असतं. पगार नसतो, हातखर्च मिळतो. आरोग्य विमा असतो, काही ठिकाणी राहण्याजेवणाचीही सोय होते. आपल्याकडून जाणाऱ्या बऱ्याच मुलांच्या मनात पुढं तिथंच नर्सिंगचं प्रशिक्षण मिळवायची इच्छा असते. मला त्यात वावगं काही वाटत नाही. सेवा आणि स्वतःचं भवितव्य या दोन गोष्टी एका मनात सुखानं राहू शकतात.

ही मुलगी पदवी घेऊन, जर्मनचा वर्ग करून गेली. काम होतं दिव्यांग प्रौढांच्या निवासात, एका छोट्या गावात. नोव्हेंबरच्या अखेरीस तिनं व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, “मॅडम, इथं कुणी वाईट नाही. कुणी छळत नाही. तरी मला रोज रडू येतंय. मीच कच्ची आहे काय?”

कच्ची-पक्की हे मोजमाप मी बाजूला ठेवते. आधी मी झोप, भूक आणि जगण्याची इच्छा यांबद्दल सरळ विचारते. सलग दोन आठवडे मन खचलेलंच असेल, जेवण सुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील तर घरची आठवण समजून थांबू नये, डॉक्टरकडं जावं. तिथल्या विम्यात ते बसतं. जर्मनीत ‘टेलिफोनझेलझोर्गे’ ही मन मोकळं करायची मोफत फोनसेवा चोवीस तास असते आणि तातडीला ११२. इथं घरी काळजीनं झोप उडालेल्या पालकांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथं मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. या मुलीचं तसं नव्हतं. झोप कमी होती, पण कामावर ती वेळेत जात होती, जेवत होती.

मग मी तिला आठवडाभराचा कागद करायला सांगितला. दर तासाला कुठं होतीस, कोणाबरोबर, कोणत्या भाषेत आणि मन कसं होतं, एवढंच लिहायचं.

कागद आला तेव्हा कामाचे तास जवळजवळ सगळे बरे निघाले. पहाटेची पाळी, साडेसहा ते अडीच. रहिवाशांना उठवणं, अंघोळ, नाश्ता, औषधाच्या वेळी नर्सच्या हाताखाली उभं राहणं. दमत होती, पण ‘बरं’, ‘ठीक’, एके ठिकाणी तर ‘मजा’ असं लिहिलं होतं. तीनला ती खोलीवर यायची. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे खानापुरात तेव्हा साडेसात. हरिपाठ आटोपून मंडळी देवळातून परतलेली, चूल पेटलेली, भावंडं घरात. ती फोन लावायची आणि तो चालूच राहायचा. कुणी भाकरी थापतंय, कुणी अभ्यास करतंय, ही पडद्यावरून बघतेय. आपल्याकडं दहा वाजले की घर झोपायचं. तिथं तेव्हा साडेपाच, बाहेर मिट्ट काळोख, आणि अख्खी संध्याकाळ शिल्लक. ‘रडले’ हा शब्द त्या तासाला रोज होता. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत मराठी मालिका आणि पाचला गजर. रविवारी तर तिथली दुकानंही बंद, त्या दिवसाचे रकाने तिनं कोरेच सोडले होते.

तिला वाटत होतं की काम जमत नाहीये. कागद सांगत होता की कामानंतरचे तास जमत नाहीयेत. बाहेर गेलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत मला हेच दिसत आलं आहे. कामाला वेळापत्रक असतं, सोबती असतात, कुणीतरी तुमची वाट बघत असतं. परकं गाव परकं वाटतं ते पाळी संपल्यावर.

१९६० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याचे टप्पे मांडले: सुरुवातीचा हुरूप, मग कोसळणं, मग सावरणं, मग रुळणं. नव्यानं गेलेल्यांना हे सांगितलं की धीर येतो, म्हणून मी सांगते. पण पुढच्या अभ्यासांत ही चढउताराची रेषा सगळ्यांना लागू पडलेली नाही, काहींना पहिले दिवसच सर्वांत जड जातात. म्हणून ‘तीन महिने काढ, आपोआप बरं वाटेल’ हा सल्ला मी देत नाही. ज्या संध्याकाळी रिकाम्या आहेत त्या तीन महिन्यांनंतरही रिकाम्याच असतात.

भाषेचं एक वेगळंच निघालं. आपल्या भागाबद्दल सगळे म्हणतात की इथली मुलं भाषेला घाबरत नाहीत. घरात मराठी, तहसील कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही, अडलं तर हिंदी. मीही हे कौतुकानं सांगते. पण या मुलीशी बोलताना लक्षात आलं की आपल्याला भाषा बदलायची सवय आहे, एकाच अवघड भाषेत शेवटपर्यंत टिकून राहायची फारशी वेळ येत नाही. कन्नडात वाक्य अडलं की समोरचाच मराठीवर येतो. तिथं असा समोरचा नव्हता. ती अडली की इंग्रजीकडं वळायची, तेही नाही जमलं की मान हलवायची. सहकाऱ्यांना वाटलं, हिला रस नाही. आम्ही ठरवलं की रोज एक तरी संभाषण कळेपर्यंत सोडायचं नाही. ‘परत सांगा, हळू सांगा, मला समजून घ्यायचंय’ हे जर्मनमध्ये न लाजता म्हणायचं, चौथ्यांदाही म्हणायचं. लोक वैतागतील ही तिची भीती होती. पण समजून घ्यायची धडपड दिसल्यावर एक सहकारी हातवारे करून, कागदावर चित्र काढून सांगू लागली.

बारीकसारीक गोष्टींनीही तिला पोखरलं होतं. एकीनं सगळ्यांसमोर सांगितलं, “हे चुकलं, असं कर,” आणि पाच मिनिटांनी तीच कॉफी घेऊन आली. आपल्याकडं चारचौघांत चूक काढली की नातं बिघडल्यात जमा होतं, म्हणून ही चार दिवस मनात कुढत राहिली. केक पुढं केला तेव्हा रीत म्हणून आधी नको म्हणाली, तर ताटली पुढं निघून गेली. कचऱ्याचे वेगवेगळे डबे, रात्री दहानंतरची शांतता, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं घरपत्त्यावर आलेलं पत्र, जे बघून ती दंडच समजली होती. असली पत्रं आली की घाबरून ड्रॉवरमध्ये टाकू नयेत, संस्थेतल्या माणसाला त्याच दिवशी दाखवावीत. या सेवेत स्वयंसेवकांकडं लक्ष द्यायला माणूस नेमलेला असतो आणि सत्तावीस वर्षांखालच्यांसाठी वर्षाला २५ दिवसांची शिबिरं असतात. तिथं आपल्यासारखीच गोंधळलेली मुलं भेटतात. ती पहिल्या शिबिरात मागच्या बाकावर गप्प बसून आली होती. दुसऱ्या शिबिरात तिनं आपलं रडू मोकळेपणानं सांगितलं. तशीच दोघं तिथं निघाली, त्यातला एक तर शेजारच्याच जिल्ह्यातून आलेला जर्मन मुलगा होता.

पण फोनच्या त्या अडीच तासांत आणखी एक ओझं होतं आणि ते बाहेर यायला वेळ लागला. आपण नक्की काय काम करतो हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. “संस्थेत मदत करते,” एवढंच. प्रौढ माणसांना अंघोळ घालणं, डायपर बदलणं, पुरुषांचंसुद्धा करणं, हे कसं सांगणार? गावात आत्या आधीच विचारत होती, “पगार किती गे?” हातखर्च म्हटलं तर हसं होईल, काम सांगितलं तर बाबांना खाली बघावं लागेल. म्हणून रोज खुशीचं सोंग. मला वाटतं, तिला कामानं दमवलं त्याहून जास्त या सोंगानं दमवलं होतं.

मी तिला घाई केली नाही. घरी सांगायचं की नाही हे तिनंच ठरवायचं होतं. पण कोणाला आधी सांगशील, हे विचारलं. तिनं एका रविवारी फक्त आईला सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “तुझी आजी सहा वर्षं अंथरुणाला होती. तिचं मी काय केलं होतं मग?” हे सांगताना मुलगी कॉलवर माझ्यासमोर रडली आणि त्या रडण्यानं तिला हलकं वाटलं. बाबांना आईनंच सांगितलं. ते काही दिवस फोनवर आले नाहीत. नंतर आले तेव्हा त्यांनी विचारलं, “हातमोजे देतात नव्हं?” त्यांच्या परीनं ते पुष्कळ होतं.

मग फोनची वेळ बदलली. रोज अर्धा तास, पाळीवरून चालत येताना. रविवारी तिच्या सकाळी नऊला सगळ्यांशी निवांत, म्हणजे आपल्याकडं दीड, जेवणाची वेळ. घरच्यांना मी आवर्जून सांगितलं की फोन कमी होणं म्हणजे माया कमी होणं असं समजू नका.

संध्याकाळसाठी आधी ती गावातल्या गायनसंघात गेली. भजनाची सवय, आवाज चांगला, त्यामुळं मलाही आशा होती. नाही जमलं. तिथं सगळे स्वरलिपी वाचून गात होते. ती हिरमुसली. मग ‘फोल्क्सहोखशूले’त, म्हणजे तिथल्या प्रौढांच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, शिवणाचा वर्ग सापडला. मंगळवारी संध्याकाळी साडेसहा. तिची आई ब्लाऊज शिवते, मशीनवर हिचा हात लहानपणापासूनचा. बाकीच्या बायका बॉबिनशी झगडत होत्या, तेव्हा तिनं मान वर न करता दोरा ओवून दिला. तेव्हापासून त्याच तिला हाका मारू लागल्या. हात कामात असले की चुकीच्या व्याकरणाची लाज कमी वाटते. शिवाय त्या खोलीत ती कुणाची सेवा करत नव्हती आणि कुणाच्या मदतीवरही नव्हती. परक्या गावात अशी एक तरी जागा मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

“परत येऊ का?” याचं उत्तर मी तिला दिलं नव्हतं. कागद भरून संध्याकाळी बदलून बघू, मग ठरव, एवढंच म्हटलं होतं. जिथं खरोखर छळ होतो, कराराबाहेर राबवून घेतात, तिथं मी असं म्हणत नाही. तिथं संस्थेच्या समन्वयकाशी बोलून कामाची जागा बदलता येते का ते आधी बघावं. आणि सोडूनच यायचं झालं तरी तडक विमानाचं तिकीट काढू नये. राहण्याचा परवाना त्याच सेवेसाठी मिळालेला असतो, म्हणून संस्थेला आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवून, सगळे कागद पुरे करून निघावं, म्हणजे पुढं पुन्हा जायचं झालं तर अडचणीची शक्यता कमी होते.

मार्चमध्ये तिचा आठवड्याचा कागद पुन्हा बघितला. मंगळवार आणि रविवार भरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार अजून अवघड. रडू येतं, रोज नाही. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला अर्ज करायचा की वर्ष पुरं करून खानापूरला यायचं, हे तिनं ठरवलेलं नाही. जर्मनची पुढची परीक्षा मात्र देणार आहे, आणि निर्णय झाला की आधी आईला, मग बाबांना स्वतः सांगणार आहे.