आज डावीकडे जास्त

"मॅडम, ऑपरेशन तर झालं, पण आता नाक बिघडलं तर?" नाकाचा आकार सुधारायचं ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, त्यांच्याकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बोलणाऱ्याचा चेहरा पाहूनच ते ओळखता येतं. कधी लग्न ठरलेली मुलगी असते, कधी आयटीतला तरुण. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती आली तेव्हा चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगलेला होता. नाकावर चष्म्याचा भार 4 ते 6 आठवडे नको, असं सर्जननी सांगितलेलं. डोक्यावरून काढघाल नको म्हणून अंगात बाबांचा बटणांचा शर्ट. मान इतकी ताठ, जणू डोक्यावर भरलेली घागर.

"झोप लागते?"

"दोन उशा घेऊन उताणीच झोपते. झोपेत कूस वळेन म्हणून जागीच असते."

आईला राहवलं नाही. "नीट जेवत नाही हो. चावताना नाक हलतं म्हणते. आणि परवा मी फोडणी दिली, हिला ठसका लागला, शिंक आली. तेव्हापासून घरात फोडणी बंद. सगळे बिनफोडणीचं वरण गिळतोय."

"शिंकलीस कशी?" मी विचारलं.

"तोंड उघडून. सांगितलं होतं तसंच. पण आत टक् झालं. बिघडलंच असणार."

"सर्जनना दाखवलंस?"

"दाखवलं. ठीक आहे म्हणाले. ते तसंच म्हणणार ना!"

पहिल्या दोन भेटी मी युक्तिवादात घालवल्या. कबूल करते, फारसा उपयोग झाला नाही. तिसऱ्या भेटीत तिने पिशवीतून एक वही काढली. सातव्या दिवशी प्लास्टर निघालं तेव्हापासून रोज आरशासमोर उभं राहून, कंपासपेटीतली पट्टी लावून ती दोन्ही बाजू मोजत होती. एकूण 21 नोंदी.

"मोठ्याने वाच," म्हटलं.

"आज डावीकडे जास्त. आज डावीकडे जास्त. आज उजवीकडे. डावीकडे. उजवीकडे. उजवीकडे..." आवाज मंदावला. "मॅडम, नाक अशी बाजू कशी बदलेल?"

मी गप्प. इतक्या वर्षांत एवढं तरी कळलंय, की अशा क्षणी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

"म्हणजे मी नाक नाही, सूज मोजतेय," ती म्हणाली आणि हसली. हसताना सवयीने दोन्ही गाल धरले.

सूज अशीच असते. सकाळी जास्त, कधी एका बाजूला जास्त. बरीचशी पहिल्या काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची पुरती उतरायला वर्षही लागतं. त्यात मोबाईल जवळ धरून काढलेल्या सेल्फीत नाक असतं त्याहून मोठं दिसतं. ही मुलगी तसे फोटो रोज काढायची.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे, हे मी लपवत नाही. 'नाक नीट व्हावं' ही इच्छा झाली. 'नीट होईलच याची खात्री मला आत्ताच हवी' ही मागणी. पथ्य पाळल्याने धोका कमी होतो, हमी मिळत नाही. ही मुलगी पथ्याकडून हमी मागत होती. म्हणून एक पथ्य पाळलं की दुसरं सापडायचं. चावणं बंद करा, असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हा सर्जननी दिलेला कागद समोर ठेवा आणि त्यात नाही ते स्वतः वाढवू नका. उशा उंच, नाक शिंकरायचं नाही, सुरुवातीला वाकून जड उचलायचं नाही, उन्हापासून जपायचं, सिगारेट नाही, वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय नाही. आपल्याकडच्या काही गोष्टी मात्र कागदावर नसतात, त्या आपण विचाराव्यात: नाक दाबून करायचा अनुलोम-विलोम, कपालभाती, जलनेती, तोंड झाकणारं हेल्मेट, लग्नातली चापाची नथ. रक्त थांबत नसेल, ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा नाकाला मार बसला, तर माझ्याकडे नको, सर्जनकडे धाव घ्या. आणि नाकाआधी हनुवटीने, त्याआधी केसांनी अशीच झोप उडवली असेल, तर तो प्रश्न नाकाचा नाही. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायला हवी.

तिच्याशी ठरलं ते एवढंच: पट्टी कंपासपेटीत परत, आरसा दिवसातून दोनदा, फोटो महिन्यातून एक. तोही बाबांनी पाच-सहा फुटांवरून काढायचा. पहिल्या आठवड्यात तिने चारदा मोडलं. पाचव्यांदा मोडलं नाही, असं स्वतःच फोन करून सांगितलं.

निघताना आई दारात घुटमळली. "मॅडम, आता फोडणी दिली तर चालेल का?"

"द्या," मुलगीच म्हणाली. "मी तोंड उघडून शिंकेन."